पलंगाखालचं बटण

क्रांती पलंगाखाली उताणी पडली होती. एका हातात सेफ्टी पिन, दुसरा हात एक्स्टेन्शन बोर्डाच्या खटक्यावर. पिनेच्या टोकानं तिनं बारीक बटण दाबून धरलं, खटका चालू केला, अंदाजानं थोडं थांबली आणि पिन उचलली. मग सरपटत बाहेर येऊन भिंतीवरच्या स्क्रीनकडं पाहिलं. स्क्रीन काळीच होती.

"पांढरी अक्षरं उमटत न्हाईत, आबा."

उशांना टेकून बसलेल्या तिच्या वडिलांनी, जोतीरामांनी, डोळे मिटून उघडले. समजलं, असा त्याचा अर्थ.

पक्षाघातानंतर त्यांचं डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं. पलूसपासून पार वाळव्यापर्यंतच्या जत्रांत कुस्तीच्या मैदानात माईक त्यांच्या हातात असायचा. बाकी वेळ ऊस आणि म्हशी. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा घशातून असा काही आवाज निघाला की भेटायला आलेल्या पाव्हण्यांनी माना खाली घातल्या. त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं ते फक्त घासासाठी. मिरजेच्या थेरपिस्टबाई दर खेपेला सांगायच्या, "गळा शाबूत आहे. रोज आवाज काढायला लावा." घरी आल्यावर जोतीराम भिंतीकडं तोंड करायचे.

क्रांती सांगलीच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. आबांचं ते गप्प राहणं तिला बघवेना. तिनं तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड आणला, पलंगाच्या लोखंडी पट्टीला खालून आवळला, समोर भिंतीवर स्क्रीन लावली आणि आबांच्या बोटाखाली एक जाड बटण ठेवलं. स्क्रीनवर अक्षरं एकामागून एक उजळायची. हवं ते आलं की आबा बटण दाबायचे. शब्द पुरा झाला की मशीन तो मोठ्यानं म्हणायचं. चहा, पाणी, पंखा. घर पुन्हा बोलतं झालं होतं.

काल संध्याकाळी तिनं मशीनमध्ये नवी आवृत्ती भरली आणि सकाळी ते उठलंच नाही. बोर्डातलं मेमरी कार्ड काढून तिनं लॅपटॉपवर तपासलं. कार्डात सगळं जागच्या जागी होतं. चूक बोर्डाच्या स्वतःच्या मेमरीत होती. चालू झाल्यावर बोर्ड सगळ्यात आधी तिथली एक ओळ वाचतो, कार्डाच्या कुठल्या भागातून पुढचं उचलायचं ते तिच्यात असतं, आणि त्या ओळीत आता भलताच भाग लागला होता. ओळ बदलायला बोर्डाला वाटेतच अडवावं लागणार होतं. त्यासाठी बोर्डावरचं ते बारीक बटण दाबून धरायचं आणि स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली की त्याच क्षणी सोडायचं. आधी सोडलं तर बोर्ड पुढं निघून जायचा. उशीर झाला तर सगळंच ठप्प. आणि पलंगाखालून स्क्रीन दिसत नव्हती. बोर्ड सोडवायचा तर डाग देऊन जोडलेल्या सगळ्या तारा तोडाव्या लागल्या असत्या.

आई पलूसला बाजाराला गेली होती. घरात दोघंच. आणि आज शंभूराजचा फोन येणार होता. बर्फातल्या लष्करी चौकीवर असलेल्या तिच्या भावाला पाळी येईल तेव्हा फोन मिळायचा, तोही थोडा वेळ. आबांनी त्याच्याशी बोलायचं म्हणून सकाळी दाढी करून घेतली होती.

क्रांती पुन्हा आत शिरली. दाबलं, चालू केलं, सोडलं. बाहेर येऊन पाहिलं. काही नाही. पुन्हा. पुन्हा काही नाही. कोपर सोलवटलं. ती तिथंच फरशीवर पडून राहिली आणि तिला रडू फुटलं.

"आबा, माझीच चूक हाय. चांगलं चाललेलं, मी कशाला हात लावला?"

वरून पलंग किंचित करकरला.

तिनं नाक पुसलं. परत पिन टेकवली. खटका चालू केला आणि डोळे मिटून घेतले.

"शोऽड!"

तिनं पिन सोडली. मग तो आवाज कुणाचा ते तिला उमगलं. ती पलंगाखालून इतक्या घाईनं निघाली की पट्टीवर डोकं आपटलं.

स्क्रीनभर पांढरी अक्षरं थांबून उभी होती. जोतीरामांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, हनुवटीवरून लाळ ओघळत होती आणि ते तिच्याकडं बघत होते.

"आबा, तुमी बोललासा?"

त्यांनी डोळे मिटून उघडले.

काहीतरी करायला हवं म्हणून तिनं कीबोर्ड ओढला. ती ओळ बदलली, जपून ठेवली, बोर्ड पुन्हा चालू केला. थोड्या वेळानं भिंतीवर अक्षरांचा तक्ता उजळला. जोतीरामांचं बोट हललं. क्रांती एकेक अक्षर जुळताना बघत राहिली. शब्द पुरे झाले आणि मशीन नेहमीच्या सपाट आवाजात म्हणालं,

"बंद कर."

"आवं आबा, आत्ताशी तर चालू झालंय. शंभूचा फोन येईल."

त्यांनी तेच शब्द पुन्हा निवडले. मशीन पुन्हा म्हणालं, "बंद कर."

क्रांती त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. मग वाकून तिनं खटका पाडला.

दुपारी ऊन दारात आलं तेव्हा फोन वाजला. तिनं स्पीकर लावून तो आबांच्या तोंडाजवळ धरला.

"आबा? ऐकाय येतंय का? मी शंभू."

जोतीरामांच्या मानेच्या शिरा ताणल्या. ओठ एकदा नुसतेच हलले. मग घोगरा, तुटका आवाज निघाला.

"शं...भू. जे...व...लाश?"

पलीकडं वारा घोंघावत होता.

"ताई," शंभूराज म्हणाला, "मशीनला काय झालंय गं? आवाज लय फाटाय लागलाय."

क्रांतीनं ओढणीच्या टोकानं आबांची हनुवटी पुसली.

"मशीन बंद हाय, शंभू."