चिंचोळी वाट

व्हर्लिन आणि मार्लिसने नऊ वर्षं मोटरहोममध्येच, त्या चाकांवरच्या घरात, संसार केला. भांडण झालं तरी अबोला टिकायचा नाही. ओट्याजवळच्या चिंचोळ्या वाटेत समोरासमोर यावंच लागायचं. मग मार्लिस कोपराने ढोसायची, “पोट आत घे, म्हाताऱ्या!” आणि दोघांनाही हसू फुटायचं. पुढे गुडघ्यांचं निमित्त करून व्हर्लिननेच गाडी विकायला लावली आणि दोघं नेब्रास्कातल्या जुन्या, ऐसपैस घरी परतली. परवा क्षुल्लक कारणावरून वाजलं. आज अबोल्याचा तिसरा दिवस. सकाळी त्याने बुटांचं कपाट ओढत पॅसेजमध्ये आणलं आणि उरलेल्या फटीत पाठ भिंतीला लावून, पोट आत घेऊन उभा राहिला. मार्लिस धुण्याची टोपली घेऊन आली. “हे काय मध्येच?” “ये की. मावशील.” ती थबकली. “राहू दे. स्वयंपाकघरातूनही जाता येतं.” पलीकडचं दार लागलं. व्हर्लिनने पोट अजूनही आतच धरलं होतं.