ब्रेकवरचा पाय

"पाय तुझाच लागतोय, आई. तुला कळत नाही, एवढंच." एल्डनने गॅरेजच्या मधोमध उभं राहून तिसऱ्यांदा सांगितलं आणि हात पुढे केला. "आण ती किल्ली."

व्लास्टाने किल्ली मुठीत घट्ट धरली. वय एकोणऐंशी. दर रविवारी ती एकटी नव्वद मैल जायची, बहिणीला भेटायला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिचा उजवा पाय तासभर पेडल दाबून धरू शकत नव्हता. म्हणून सगळी भिस्त क्रूझ कंट्रोलवर. बटण दाबलं की गाडी आपणहून वेग धरून ठेवते आणि पाय मोकळा. पण महिना झाला, ते क्रूझ चालता चालता मध्येच सुटायचं. तीन गॅरेजवाल्यांनी गाडी फिरवून आणली. तिघांनाही काही सापडलं नाही. मग दोष आईच्या पायात, असा निकाल एल्डनने लावून टाकला.

"त्या तिघांनी गाडी फिरवली कुठे?"

आवाज डॅशबोर्डखालून आला. पाठोपाठ रेमी बाहेर आली. सोळा वर्षांची, शनिवारी गॅरेजमध्ये काम करणारी, नाकावर ग्रीसचा ठिपका.

"कुठे म्हणजे? हायवेवर."

"नव्या हायवेवर! रस्ता कसला, लोणी आहे ते. आजी ट्रक टाळायला जुन्या काँक्रीटच्या रस्त्याने जातात. तिथे पावलोपावली सांधे आणि प्रत्येक सांध्याला धक्का. ब्रेकच्या पेडलमागे एक स्विच असतो, अंगठ्याएवढा. तो झिजला असेल तर धक्क्याने सुटतो. गाडीला वाटतं, ब्रेक दाबला. क्रूझ बंद!"

"शाळेत शिकवलं वाटतं?" एल्डन हसला. "बावीस वर्षं ट्रक चालवतोय मी, पोरी."

"चालवताय हो. कधी उघडून बघितलाय?"

कोपऱ्यात कॉफी पिणाऱ्या मालकाला ठसका लागला. एल्डनचे कान लाल झाले.

"ठीक आहे. जुन्याच रस्त्याने जाऊ. मी मागे राहतो. गाडीचे मागचे दिवे लागले की पाय ब्रेकवर. मग किल्ली माझी. आजच्या आज."

"अहो, पण स्विच सुटला तरी दिवे लागणारच ना!"

"ते मला नको सांगू. लागले म्हणजे लागले."

रेमी आणखी काही बोलणार, तेवढ्यात व्लास्टाचा हात तिच्या खांद्यावर पडला.

"मंजूर," व्लास्टा लेकाला म्हणाली. "तू गावाबाहेर धान्याच्या कोठाराशी थांब. आम्ही आलोच."

एल्डन पिकअप घेऊन कोठाराशी थांबला. दहा मिनिटांनी आईची लांबलचक गाडी समोरून गेली. मागच्या काचेतून स्टीअरिंगमागे आईची निळी टोपी दिसत होती, शेजारी आणखी एक डोकं. तो मागे लागला. दोन्ही बाजूंना मका, मध्ये सरळ रेघेसारखा रस्ता, चाकांखाली थड, थड, थड. चार मैल काहीच झालं नाही.

मग दिवे लागले. क्षणभर, लालभडक. गाडी मंदावली, पुन्हा वेगात आली.

"एक!" एल्डनने हॉर्न मारला.

मैलभराने पुन्हा. "दोन!"

तिसऱ्या वेळी त्याने हॉर्न मारला नाही. जिंकल्याचा आनंदही त्याला झाला नाही. महिनाभर त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं, मक्यात उलटी पडलेली ही गाडी. आईला राग येईल, आठवडाभर बोलणार नाही. चालेल. पण जिवंत तर राहील.

पुलाजवळ गाडी कडेला थांबली. पिकअप लावून, समजुतीचे दोन शब्द मनात जुळवून तो पुढे गेला.

स्टीअरिंगकडचं दार उघडं होतं आणि त्यातून दोन मळके कॅनव्हासचे बूट बाहेर आले होते. रेमी डॅशबोर्डखाली उताणी, तोंडात टॉर्च. टक्! नवा स्विच जागेवर बसला. ती धडपडत बाहेर आली आणि जुना स्विच त्याच्या नाकासमोर धरला.

"हा बघा! साधं नख लावलं तरी सुटतोय. नवा नाही सुटायचा."

एल्डनने बघितलंसुद्धा नाही. "स्विच बदल, नाहीतर इंजिन बदल. दिवे तीनदा लागले. ठरलं ते ठरलं." त्याचा आवाज खाली आला. "आई, झालं आता. माझ्या जिवाला घोर नको लावूस. तू पाय ब्रेकवर ठेवतेस, मी डोळ्यांनी पाहिलं."

व्लास्टा पलीकडच्या सीटवर बसली होती, दार उघडं टाकून, पाय गवतात सोडून. वाऱ्यावर पांढरे केस भुरभुरत होते. खसखस भरलेला गोड पाव तिने निवांत संपवला, बोटं झटकली आणि मान वळवून लेकाकडे पाहिलं.

"पाय कुणाचा लागला, ते रेमीला विचार. गॅरेजपासून इथवर माझी टोपी घालून गाडी तीच चालवत होती."