पाहुण्यांच्या भाषेत

“पुन्हा म्हणा आपा,” रूपाली म्हणाली.

जोहरानं पुन्हा म्हटलं. एकूण नऊ शब्द. जिभेला वळण नसलेले, घशातून खरवडत येणारे. आज सहावा दिवस होता आणि आता एकही शब्द अडखळत नव्हता.

“यात जेल कोणता?” तिनं विचारलं.

रूपालीनं बोटांवर शब्द मोजले. “तिसरा.”

जोहरानं तिसरा शब्द तीनदा घोकला.

ही भाषा बोलणाऱ्या देशात तिचा मुलगा ओवैस गोदामात कामाला गेला होता. दुसऱ्याच हिवाळ्यात गोदामाला आग लागली. ठपका ओवैसवर आला. भाषा येत नव्हती, समोर आलेल्या कागदावर त्यानं सही केली. नऊ वर्षांची सजा. दोन वर्षं जोहरानं अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही.

आणि आता त्याच देशाचे राष्ट्राध्यक्ष शहरात येणार होते. बिडकीनजवळ त्यांच्या देशाचा कारखाना व्हायचा होता, त्याचा करार. शहागंजातल्या हातगाड्या चार दिवस आधीच उठवल्या होत्या, रस्त्याकडेच्या भिंतींना रंग लागला होता. पाहुण्यांना हातमागावर विणलेली हिमरू शाल द्यायची ठरली, तीही विणणारीच्या हातून. नवरा गयास गेल्यापासून शहागंजात एकटीनं माग चालवणारी जोहराच उरली होती.

स्वागत समितीचे प्रमुख आप्पासाहेब स्वतः घरी आले, तेव्हा तिनं एकच अट घातली.

“शाल देते. पण माझ्या पोराबद्दल एक वाक्य बोलणार. नाय तर दुसरीकडं बघा.”

आप्पासाहेब चिडतील असं तिला वाटलं होतं. ते हसले.

“बोला की, जोहराबी. पण त्यांच्याच भाषेत बोला. मधे दुभाषा आला की बोलणं पातळ होतं. आईचे शब्द थेट काळजाला लागले पाहिजेत.”

जोहराला ते पटलं. एवढा मोठा माणूस, पण त्याला आईचं मन कळलं. तिनं त्यांना दुवा दिली. दुसऱ्या दिवसापासून रूपाली येऊ लागली. औरंगपुऱ्यात ती त्या देशाच्या भाषेचा क्लास घ्यायची आणि कार्यक्रमात दुभाषी म्हणून तीच असणार होती.

पोरगी गुणी होती, पण अबोल. शाइस्ता, ओवैसची बायको, रोज चहा आणून ठेवायची. रूपाली त्याला हात लावायची नाही. शाइस्तानं एकदा ते वाक्य मोबाइलवर रेकॉर्ड करायला घेतलं, तर रूपाली घाईनं म्हणाली, “नको. आधी बाहेर फुटलं तर कार्यक्रमच रद्द होईल.” शाइस्तानं मोबाइल ठेवून दिला.

“अजून एक,” रूपाली म्हणाली. “हसत म्हणायचं.”

“जेलचं बोलताना हसू कसं येईल, बेटा?”

“त्यांच्याकडं मोठ्या माणसापुढं रडणं अपमान समजतात.” ती चपला शोधत बोलत होती. “तुम्ही फक्त हसा आपा.”

जोहरानं आरशापुढं उभं राहून हसण्याचा सराव केला. शाइस्तानं तिला पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

कार्यक्रम मोठ्या हॉटेलातल्या सभागृहात होता. दोन्ही देशांचे झेंडे, समोर कॅमेऱ्यांची रांग. भाषणं झाली. मैत्री, विश्वास, नवं पर्व, असं बरंच काही. जोहराच्या कानावर काही पडत नव्हतं. ती ओठांतल्या ओठांत नऊ शब्द मोजत होती.

तिचं नाव पुकारलं. राष्ट्राध्यक्ष तिच्या वडिलांच्या वयाचे, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनी शाल खांद्यावर घेतली, बोटांनी वीण चाचपली. आप्पासाहेबांनी जोहराला मान हलवून खूण केली.

ती हसली. आणि बोलली. सगळे नऊ शब्द, एका दमात, तिसऱ्यावर किंचित जोर देऊन.

राष्ट्राध्यक्षांनी तिच्याकडं पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिचे दोन्ही हात हातांत घेतले. त्यांनी काहीतरी विचारलं, त्यात ‘नाव’ असं काही असावं हे तिला न सांगताच कळलं.

“ओवैस,” ती म्हणाली. “ओवैस गयास शेख.”

त्यांनी मागं वळून सचिवाला काही सांगितलं. सचिवानं वही काढली आणि नाव लिहून घेतलं. जोहरानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या पोराचं नाव कुणीतरी लिहून घेत होतं. तिच्या छातीवरचा धोंडाच उतरला. शाइस्ताला काय सांगायचं, कसं सांगायचं, ती घरी निघाल्यासारखी मनात जुळवू लागली.

मग राष्ट्राध्यक्ष तिच्याशी बोलू लागले. बराच वेळ, सावकाश, हात न सोडता. बोलणं संपवून त्यांनी रूपालीकडं पाहिलं.

रूपालीनं हातातला माइक खाली घेतला.

“सांगा ना, त्यांचे आभार मानले म्हणून,” आप्पासाहेब दबक्या आवाजात म्हणाले.

तेवढ्यात पाहुण्यांच्या रांगेतून एक तरुण अधिकारी पुढं झाला. तो पुण्यात दोन वर्षं राहून मराठी शिकला होता आणि ती बोलून दाखवायची संधी तो सकाळपासून शोधत होता. आप्पासाहेब एक पाऊल पुढं सरकले, पण कॅमेरे त्याच्याकडं वळले होते. त्यानं जोहराला वाकून नमस्कार केला. सभागृहात टाळ्या पडल्या.

“मातोश्री,” तो एकेक शब्द सुटा करत, स्वच्छ मराठीत म्हणाला, “राष्ट्राध्यक्ष म्हणतात, जगातली प्रत्येक आई आपला मुलगा परत मागते. ‘माझा मुलगा तुमच्याकडे सुखात आहे, त्याला तिथेच ठेवून घ्या,’ असं हसतमुखानं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. त्यांनी सर्वांसमक्ष तुम्हाला शब्द दिला आहे. ओवैसला ते कधीही परत पाठवणार नाहीत.”