शनिवारचा अंक

"कंपनीला टाळं लागणार आहे, कुठे बोलू नकोस," दादाने विश्वासाने सांगितलं होतं. दादा वागळे इस्टेटमधल्या त्याच कंपनीत मॅनेजर, आणि धाकटा विश्राम ठाण्यातल्या छोट्या साप्ताहिकाचा संपादक. कामगारांना काहीच माहीत नव्हतं, म्हणून विश्रामने शनिवारच्या अंकात बातमी छापली. त्यांना हक्काचे पैसे मिळाले, पण बातमी फोडल्याच्या ठपक्यावरून दादाची नोकरी गेली. त्यानंतर तीस वर्षं दादा त्याच्याशी बोलला नाही. दादा वारल्याचं कळलं, तेव्हा म्हातारा विश्राम टेंभी नाक्याजवळच्या भावाच्या घराचा जिना चढला. "वहिनी, दादा माझं नाव काढायचा का?" त्याने विचारलं. "नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "पण दर शनिवारी नाक्यावरून तुमचा अंक आणून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. तुम्ही पेपर बंद केलात, त्यानंतरच्या शनिवारी दोनदा स्टॉलवर जाऊन आले. रात्री पानावर बसले, पण न जेवताच उठले."