घाऱ्या डोळ्यांचा नायक

सासरे आता चुंबनाच्या पानावर पोचले असतील, असा सपनाचा अंदाज होता. तिने स्वयंपाकघरातून ओटीवर डोकावून पाहिलं. बळवंत राऊत चष्मा कपाळावर सरकवून, पुस्तक डोळ्यांशी धरून वाचत होते. शेजारचा चहा तसाच गार झाला होता. म्हणजे चुंबनच.

दोष तसा कुणाचाच नव्हता. बोईसरच्या प्रकाशिकेने कादंबरीची कच्ची प्रत कुरियरने पाठवली आणि फवारणी पंपाचं नोझल आलं समजून सासऱ्यांनी पाकीट फोडलं. आत पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सुनेचं नाव, त्यापुढे घराण्याचं आडनाव आणि खाली एकमेकांना बिलगलेली दोन माणसं. "राऊतांचं नाव लावणार, तर आधी मी वाचणार," एवढंच म्हणून ते ओटीवर बसले ते बसलेच. वाडीला पाणी सोडायचंही विसरले. शिरगावात आडनाव म्हणजे काही चेष्टा नाही.

ही सपनाची पहिलीच कादंबरी. नवरा तारापूरला पाळीवर गेला की ती मोबाइलवर लिहीत बसायची. बाकीच्या प्रकाशकांना प्रेमकथेचा नायक उद्योगपती हवा होता, गेला बाजार डॉक्टर तरी. तिचा नायक सायकलवरून टोपल्या पोचवायचा. बोईसरच्या किंजलताईंना मात्र तोच आवडला. संध्याकाळी छपाई सुरू करायची होती आणि त्याआधी नाव पक्कं करायचं होतं. घरचे बिथरले तर टोपणनाव घ्या, असं त्या म्हणाल्या होत्या. सपनाला टोपणनाव नको होतं. एवढं आपण लिहायचं आणि कौतुक भलत्याच बाईचं व्हायचं, हे तिला सहन होणारं नव्हतं.

पण सपनापेक्षा जास्त घाबरली होती तिची सासू. मंगलाबाई वाल सोलत होत्या, आणि मघापासून सालं पातेल्यात आणि वाल केरात टाकत होत्या.

कारण गोष्ट त्यांचीच होती. लग्नाआधी केळव्याला त्यांच्या वडिलांचा पानमळा होता. विड्याच्या पानांनी भरलेल्या टोपल्या पालघर स्टेशनावरून बाहेरगावी जायच्या आणि रिकाम्या होऊन परत यायच्या. प्रत्येक घराच्या टोपलीवर त्या त्या घराची खूण रंगवलेली असायची. रिकाम्या टोपल्या सायकलवरून घरोघर आणून द्यायचा कमलाकांत. कुरळे केस, घारे डोळे, तोंडात शीळ. आणि मंगलाच्या घरच्या टोपलीत, अगदी तळाला, एक सोनचाफा. तो कधी काही बोलला नाही. हिनेही विचारलं नाही. मग स्टेशनावर कामाला असलेल्या अबोल बळवंतचं स्थळ आलं आणि लग्न होऊन गेलं. हे सगळं एका दुपारी सासूने सुनेला विश्वासाने सांगितलं, आणि सून निघाली लेखिका.

"ते वळखतील गो," मंगलाबाई कुजबुजल्या. "घारे डोळे कशाला ठेवलेस? काळे चालले नसते?"

"आई, घाऱ्या डोळ्यांवर अख्खं प्रकरण आहे."

"आता त्याला टक्कल पडलंय. टक्कल तरी ठेवायचंस!"

ओटीवर पुस्तक धाडकन मिटलं. बळवंतराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. मंगलाबाईंनी पदर सावरला.

"हे असं छापायचं नाय," ते म्हणाले.

सपनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बाबा, मी आडनाव काढते. हवं तर टोपणनाव घालते. पण पुस्तक छापू द्या."

"नावाचं कोण बोलतंय? नाव घाल. चांगलं मोठं घाल. पण गोष्ट खोटी हाय!"

"कादंबरी खोटीच असते, बाबा."

"म्हणून काय वाटेल ते लिहायचं?" त्यांनी पुस्तकावर बोट आपटलं. "हा कमलाकांत चाफा ठेवणार? त्याला शीळ घालण्यातून सवड होती काय? स्टेशनावर टोपल्यांच्या थप्प्या मी लावायचो. हिच्या घरची खूण बघून टोपली मी बाजूला काढायचो. आमच्या परसातला चाफा मी ठेवायचो, आन् वर दुसरी टोपली घालून झाकायचो. त्यानं नुसती पोचवली. त्याला तर पत्ताबी नव्हता!"

मंगलाबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. या माणसाने जन्मात त्यांना एक गजरा आणून दिला नव्हता. जत्रेत बायको मागे राहिली, तरी हा पुढे चालत राहायचा.

"मग कधी बोलला का नाय?" त्यांनी विचारलं.

"काय बोलायचं?" बळवंतराव एकदम गोंधळले. त्यांचा आवाज खाली आला. "मला वाटलं, तुला ठावं हाय. म्हणूनच तर हो म्हणालीस."

मंगलाबाईंना हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदमच आल्यामुळे त्यांना ठसका लागला. बळवंतरावांनी घाईघाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. हेही त्यांनी पहिल्यांदाच केलं असावं.

तेवढ्यात सपनाचा फोन वाजला. किंजलताई होत्या. सपनाने फोन हातात धरून दोघांकडे पाहिलं.

"घे," बळवंतराव म्हणाले. "सांग, खरं काय ते घालून छापा म्हणावं." आणि लाजल्यासारखे होऊन ते ओटीवर निघून गेले.

मंगलाबाईंनी डोळे पुसले. दारातून नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. आखूड मान, चपटं नाक, कानांतून बाहेर आलेले केस. मग त्या सुनेच्या जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "चाफा ह्यांनीच ठेवला असं घाल गो. पण तोंड कमलाकांतचंच राहू दे."