केतकीसाठी सुचवलेली कादंबरी

वाचनालयातल्या यंत्राने नववीच्या मुलांना पुराच्या कादंबऱ्या सुचवल्या, तशी गावाने धान्याची पोती माळ्यावर चढवायला घेतली. यंत्राला हवामान कळे, मनगटावरच्या पट्ट्यांवरून घराघरातल्या तब्येती कळत, पण भाकीत सांगायला त्याला कायद्याने बंदी होती. मुलांना पुस्तकं सुचवायला मात्र नव्हती. मागे त्याने दुष्काळाच्या कादंबऱ्या दिल्या आणि त्याच उन्हाळ्यात तळं आटलं. तेव्हापासून मुलांआधी आईबापच पुस्तकं उघडून बघत.

वाचनालयाच्या टेबलापाशी केतकी वैतागली होती. "सगळ्यांना पूर, आणि मलाच हे! एक मुलगी धाकट्या भावाला घेऊन उजाड जगात एकटी राहते म्हणे. निमकरबाई, बदलून द्या ना."

तिची आई विशाखा पायऱ्या चढून मागून आली. तिला धाप लागली होती. तिने पुस्तक घेऊन मागचा मजकूर वाचला.

"त्या मुलीची आई कुठे असते?"

ग्रंथपाल निमकरबाईंनी टेबलावरची पुस्तकं उगाचच सारखी केली. "पहिल्या प्रकरणातच जाते. दुखणं अंगावर काढलेलं असतं." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "विशाखाताई, एकदा दाखवून या."

"कालच दाखवून आले," विशाखा म्हणाली आणि मनगटावरची पट्टी तिने ओढणीखाली झाकली.

"आई, बदलू ना?" केतकीने विचारलं.

"नको. हेच वाच. आणि आज कुकर तू लाव. मी नुसती शेजारी उभी राहते."