अर्धी दाढी

सलूनच्या पायरीवर झोपणाऱ्या म्हाताऱ्याला सलूनवाला रोज चहा द्यायचा. आज तो म्हणाला, "नुसत्या चहावर किती दिवस काढणार, काका? कधीकाळी हेच काम करायचात ना?" त्यानं स्वतःच्याच दाढीला फेस फासला, म्हाताऱ्याच्या हातात वस्तरा दिला आणि खुर्चीत बसला. "डोकं फिरलंय का तुमचं? त्यांचे हात थरथरताहेत!" दारातून त्याची बायको ओरडली. सलूनवाल्यानं मान मागे टाकली. एक गाल निभावला. गळ्यापाशी वस्तरा लागला, फेसात रक्त उतरलं. म्हातारा वस्तरा ठेवून दाराकडे वळला. "पायरीच बरी, मालक." "आणि मी अर्ध्या दाढीनं गिऱ्हाइकांना तोंड कसं दाखवू?" म्हातारा थबकला. मग मागे फिरून त्यानं रक्त पुसलं, वस्तरा उचलला. "मान वर," तो दरडावून म्हणाला, "आणि बडबडू नकोस."